चौथी ब चं कासव

वर्गाला पंखा हवा, असं मी तीन वर्षं लिहून देत होते. जूनमध्ये एका पालकांची परगावी बदली झाली. ‘बाई, वर्गाला काहीतरी भेट द्यायचीय,’ म्हणत ते आले, तेव्हा माझी नजर आपोआप छताकडे गेली. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा टब काढला. टबात तळहाताएवढं हिरवं कासव.

‘काही त्रास नाही हो याचा.’ बदलीची ऑर्डर खिशात असलेल्या माणसाचं बोलणं मनावर घेऊ नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पहिली रात्र वनखात्याच्या धास्तीत गेली. आपल्याकडची रानातली कासवं घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मीच परिसर अभ्यासाच्या तासाला घसा फोडून सांगते. सकाळी चष्मा लावून पाहिलं, तर डोळ्यांमागे लिपस्टिक फिसकटावी तसा लाल पट्टा. म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. इतक्या लांबून येऊन चौथी ब मध्ये पडलं बिचारं.

नावासाठी चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. बहुमताने ‘बुलेट’ ठरलं. लगेच प्रश्न आला, ‘बाई, तो बुलेट की ती बुलेट?’ नराच्या पुढच्या पायांची नखं लांब असतात, पण ती मोठेपणी. आत्ता काहीच कळेना. मी व्याकरणाचा आधार घेतला. म्हटलं, ‘ते कासव. नपुंसकलिंग.’ दुसऱ्या दिवशी एक आई फाटकापाशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, ‘बाई, बुलेटचं समजलं. काही इलाज नाही का?’

अंड्याला ऊब जास्त मिळाली तर मादी आणि कमी मिळाली तर नर, असा यांच्यात प्रकार असतो. ते मी वर्गात सांगितलं नाही. एका आईला समजावता समजावता माझा मधल्या सुट्टीतला डबा राहिला होता.

आता ‘काही त्रास नाही’चा तपशील. बुलेट पाण्याबाहेर घास गिळत नाही, म्हणून जेवण पाण्यात. जेवणाच्याच पाण्यात बाकीचे विधी. त्यामुळे दर एक दिवसाआड परिपाठाच्या आधी मी टब उचलून मोरीकडे निघते. त्या पाण्याचा वास सांगायचा, तर आषाढात आठवडाभर न वाळलेले मोजे आठवा आणि त्यात थोडी बोंबील घाला. शिवाय अंग शेकायला पाण्याबाहेर दगड हवा. ऊन मिळालं नाही तर पाठीची ढाल मऊ पडते, म्हणून टब खिडकीत. खिडकीजवळच्या बाकासाठी आता वर्गात रोज मारामारी.

मुलांनी पोषण आहारातली खिचडीही घालून पाहिली. बुलेटने मान आत घेतली. त्या एका बाबतीत त्याचं आणि वर्गाचं एकमत आहे.

खरी भीती वेगळीच. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. बारकी कासवं मुलं तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली. माझ्या वर्गात एक चिरंजीव आहे, त्याने आजवर पेन्सिल, खोडरबर, कंपासचं झाकण आणि शाळेचा बिल्ला चाखलाय. त्याच्या आणि टबाच्या मध्ये मी दिवसभर उभी असते. आमच्या वर्गाइतका साबण अख्ख्या शाळेत कुणी संपवत नाही. आमच्या मुख्याध्यापकांना मात्र साबणाच्या बिलावरून माझाच संशय येतो.

‘बाई, नदीत सोडूया ना,’ असंही झालं. तेही जमत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत याचं नाव आहे. आपल्या नदीत गेलं तर आपल्या कासवांच्या तोंडचा घास जायचा. आणि याचं आयुष्य? नीट सांभाळलं तर तीस वर्षं सहज. मी बोटांवर हिशेब केला. माझ्या निवृत्तीला अकरा वर्षं उरलीत. मादी निघाली तर तोवर फूटपट्टीएवढी होईल.

दिवाळीच्या सुट्टीत शिपाईमामा गावाला निघाले. टब रिक्षात मांडीवर धरून मी घरी आणला. सासूबाईंनी दारातच डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, मी कासवछाप आणायला सांगितली होती.’ तिसऱ्या दिवशी मात्र आंघोळ करून त्यांनी त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं. देवळातलं कासव हलत नाही, हे हललं. हळद टबात, कुंकू माझ्या पायपुसण्यावर.

सुट्टी संपली आणि शाळा तपासणी लागली. ‘वर्गात आहे ना, मग नोंद हवी,’ क्लार्क म्हणाले. जनरल रजिस्टरला घ्यावं तर जन्मदाखला नाही. शेवटी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक, वस्तूचं नाव: कासव. नग: एक. किंमत: भेट. मग ‘वस्तूची स्थिती’ हा रकाना आला. क्लार्कनी पेन थांबवलं, चष्म्यावरून टबाकडे बराच वेळ पाहिलं. बुलेटने एक पाय दगडावर ठेवला. दुसरा ठेवायचा विचार चालू होता.

क्लार्कनी लिहिलं, ‘चालू, पण हळू.’