निवृत्त ग्रेहाउंड आणि भीतीचा चुकलेला पत्ता

मेलबर्न असो, लंडन असो की डब्लिन, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड जातीचा कुत्रा दत्तक घ्यायचा विषय मराठी घरात निघाला की कुणीतरी एक मजकूर पुढे ढकलतोच. त्यातली विधानं ठरलेली: याला रोज दोन तास पळवावं लागतं, नाहीतर घर फोडतो. तोंडाला मझल (जाळी) घालतात, म्हणजे चावरा. बरगड्या दिसतात, म्हणजे उपाशी ठेवलेला. भरपूर खाऊ घाला. रक्तात थायरॉईड कमी निघतो; जन्मभर गोळी. भूल दिली की दगावतो. दातबित साफ करायच्या भानगडीत पडू नका. लंगडला तर शर्यतीतली जुनी दुखापत, आराम द्या.

ही विधानं हवेतून आलेली नाहीत, प्रत्येकाच्या मुळाशी काहीतरी खरं आहे. पण जिथे घाबरण्यासारखं काही नाही तिथे हा मजकूर घाबरवतो आणि जिथे तातडीने पशुवैद्य गाठायला हवा तिथे निवांत राहायला सांगतो.

रोज दोन तास पळवा

ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या वर धावतो, हे खरं. पण शर्यत साधारण अर्ध्या मिनिटात संपते. हे शरीर झटक्यात सगळी ताकद लावून मग दिवसभर लोळायला घडलेलं आहे. बहुतेक निवृत्त कुत्र्यांना वीस ते तीस मिनिटांचे दोन फेरफटके पुरतात; उरलेला वेळ ते झोपतात. केनेलमधून (शर्यतीचे कुत्रे ठेवतात त्या जागेतून) नुकत्याच आलेल्या कुत्र्याला पहिल्याच आठवड्यात डांबरी रस्त्यावर तासभर चालवलं तर पंजाच्या गाद्या सोलवटतात, कारण त्या वाळूला सरावलेल्या असतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवा.

दाराची चौकट कुरतडणारा ग्रेहाउंड बहुतेक वेळा ‘न पळवलेला’ नसतो, एकटा पडलेला असतो. जन्मल्यापासून तो इतर कुत्र्यांच्या सोबतीने राहिलेला असतो. रिकामं घर हा त्याला पहिलाच अनुभव. पहिल्या दिवसापासून सराव करा: एक मिनिट बाहेर, परत आत, मग तीन, पाच, दहा. कुत्रा धापा टाकायला किंवा येरझारा घालायला लागायच्या आधी परत या. निघताना लाड नाहीत, आल्यावर सोहळा नाही. घरात आणल्यावर दोन आठवडे सुट्टी काढून चोवीस तास त्याच्याजवळ बसणं आणि मग एका सोमवारी आठ तासांसाठी निघून जाणं, हा बिघडवायचा खात्रीचा मार्ग.

पळवण्याच्या सल्ल्याला जोडूनच ‘मोकळ्या मैदानात सोडा, हाक मारली की येतो’ असंही सांगतात. हे मात्र खरोखर धोक्याचं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. ससा दिसल्यापासून तुम्ही नाव पूर्ण उच्चारेपर्यंत तो तीस मीटर गेलेला असतो, आणि मधल्या रस्त्याकडे त्याचं लक्ष नसतं. चारी बाजूंनी कुंपण असेल तरच सोडा. एरवी पट्टा, तोही एक ते दीड मीटरचा साधा. लांबत जाणारा, गुंडाळी असलेला पट्टा या जातीला अजिबात नको: पाच मीटर मोकळे मिळाले की तो पूर्ण वेगात येतो आणि पट्टा संपतो तिथे सगळा झटका मानेवर बसतो. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा रुंद, त्यामुळे साधा गळपट्टा मागे सरकला की सहज निघून येतो. मार्टिंगेल पद्धतीचा (ओढलं की थोडा आवळणारा), दीड-दोन इंच रुंद गळपट्टा घ्या आणि तो कानांच्या लगेच मागे, उंचावर बसवा. ओढल्यावर त्याच्या दोन कड्यांमध्ये थोडं अंतर उरायला हवं. कड्या एकमेकींना भिडल्या तर तो सैल आहे.

मझल घालतात म्हणजे चावरा

ट्रॅकवर सगळ्याच कुत्र्यांना मझल असतं. एकाच कृत्रिम सशामागे सहा-आठ कुत्रे खेटून पळताना एकमेकांना दात लागू नयेत म्हणून, आणि निकाल इंचाचा असेल तर छायाचित्रात कुणाचं नाक पुढे हे कळावं म्हणून. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने पाळीव ग्रेहाउंडला सार्वजनिक जागी मझल घालण्याची सक्ती १ जानेवारी २०१९ पासून काढून टाकली; पट्ट्याची सक्ती ठेवली. माणसाला चावण्याचा आणि सशामागे धावण्याचा संबंध नाही, हे या दोन नियमांतला फरकच सांगतो.

घरात मांजर असेल तर मात्र दत्तक देणाऱ्या संस्थेला ‘मांजराशी चाचणी केली आहे का’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाचणी चांगली झाली असली तरी पहिले काही आठवडे कुत्र्याला मझल, माणसाच्या हातात पट्टा आणि मांजराला उंचावर पळायची वाट, हे तिन्ही हवं. घरात मांजराला हुंगून सोडून देणारा कुत्रा अंगणात पळणाऱ्या त्याच मांजराच्या मागे लागू शकतो. पळणारी वस्तू दिसली की हिशेब बदलतो.

या कुत्र्याच्या ‘अचानक’ गुरगुरण्याची जी उदाहरणं सांगतात, त्यांतली बरीच झोपेतली असतात. केनेलमध्ये झोपलेल्या कुत्र्याला कुणी हात लावत नाही, अंगावर कुणी बसत नाही. शिवाय काही ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपतात, त्यामुळे तो जागा आहे असं समजून लहान मूल जाऊन बिलगतं आणि तो दचकून दात दाखवतो. नियम सोपा: दोन मीटरवरून नावाने हाक, त्याने मान उचलून तुमच्याकडे बघेपर्यंत थांबायचं, मगच जवळ. त्याचं अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवर नको, भिंतीकडेला हवं, आणि मुलांनी त्यावर पाय ठेवायचा नाही. सोफ्यावर बसायची परवानगी पहिले काही महिने देऊ नका. गुरगुरला म्हणून रागावूही नका. गुरगुरणं बंद पाडलेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

बरगड्या दिसतात, खाऊ घाला

मराठवाड्यात कारवानी किंवा पश्मी पाळणाऱ्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. नजरेने शिकार करणारे हे कुत्रे असेच दिसतात. निरोगी ग्रेहाउंडच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसतात, कंबर आत गेलेली असते, पाठीचे मणके हाताला लागतात. शर्यतीच्या वेळचं वजन कागदपत्रांत मिळतं. त्याच्यावर एक-दोन किलो वाढलं तर ठीक. पाच-सहा किलो वाढलं तर तो भार त्याच सडपातळ पायांवर आणि जुन्या दुखापतींवर येतो. सगळ्या बरगड्या खोलवर उठून दिसत असतील, कमरेची हाडं टोकदार झाली असतील आणि मांडीचे स्नायू वितळले असतील, तर तो बारीक नाही, आजारी आहे.

खाणं वाढवण्याआधी शी बघा. नवीन घरात पातळ शी होणं नेहमीचं. जुन्या खाण्यात नवीन खाणं सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत न्यायचं आणि दिवसाचं दोन वेळांत विभागायचं. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ बसण्याचा धोका या जातीला आहे, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी पळवायचं नाही. पोट टम्म, उलटीचे उमाळे पण बाहेर काहीच येत नाही, अशी स्थिती दिसली तर सकाळची वाट बघायची नाही.

पातळ शी हटतच नसेल तर जंतांची तपासणी करून घ्या. अमेरिकेतल्या ट्रॅकवरून आलेल्या ग्रेहाउंडमध्ये नेहमीच्या औषधांना दाद न देणारे हुकवर्म आढळलेले आहेत. तिथे ‘जंताची गोळी दिली होती’ हे उत्तर पुरेसं नाही. गोळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी शी पुन्हा तपासायची.

रक्तात थायरॉईड कमी, गोळी सुरू

हा दावा सुशिक्षित वाटतो, म्हणून जास्त चालतो. प्रयोगशाळेच्या अहवालात छापलेली ‘सामान्य’ मर्यादा सगळ्या जातींच्या कुत्र्यांवरून काढलेली असते आणि ग्रेहाउंड त्या मर्यादेत बसत नाही. एकूण टी-४ हे थायरॉईडचं संप्रेरक इतर कुत्र्यांत दर डेसिलिटरला साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम असतं. पूर्ण निरोगी ग्रेहाउंडमध्ये ते सर्रास १ च्या खाली येतं. एवढ्यावर निदान होत नाही. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) वाढलेलं आहे का आणि कुत्र्यात खरी लक्षणं आहेत का, हे दोन्ही बघावं लागतं. मांड्यांच्या मागचे केस गेलेले असणं हे लक्षण धरू नका. ट्रॅकवरच्या असंख्य निरोगी कुत्र्यांच्या मांड्या तशा असतात आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांत बऱ्याच जणांना केस परत येतात. नको असलेली गोळी दिली तर कुत्रा अस्वस्थ होतो, हृदयाची गती वाढते, वजन उतरतं आणि मग त्या वजनासाठी आणखी तपासण्या.

बाकीचे आकडेही असेच. तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांत ३७ ते ५५ टक्के, ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६५. हे निर्जलीकरण नव्हे. उलट ४० टक्के आलं तर अहवाल ‘सामान्य’ म्हणेल आणि कुत्र्याला मात्र रक्तक्षय असेल. प्लेटलेट बऱ्याचदा दीड लाखाच्या खाली असतात, पांढऱ्या पेशी कमी, क्रियेटिनिन थोडं जास्त कारण स्नायू जास्त. हृदय आकाराने मोठं असतं आणि हलका मर्मरही (ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) ऐकू येऊ शकतो. पण प्लेटलेट ‘या जातीत कमीच असतात’ म्हणून डोळे मिटायचे नाहीत: गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार या कुत्र्यांत आढळतात. दत्तक घेतल्यावर कुत्रा धडधाकट असतानाच एकदा पूर्ण रक्ततपासणी करून अहवाल जपून ठेवा. पुढे तुलना त्याच्याशी करायची, छापील रकान्याशी नाही.

भूल दिली की दगावतो

याचं मूळ थायोपेंटोन या जुन्या औषधात आहे. ग्रेहाउंडच्या यकृतातलं एक एन्झाइम मंद चालतं, त्यामुळे ते औषध शरीरातून लवकर निघत नाही आणि कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. ‘अंगात चरबी नाही म्हणून’ हे स्पष्टीकरण अर्धंच आहे. आज प्रोपोफोल किंवा अल्फाक्सालोन देऊन पुढे आयसोफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेन वायूवर ठेवतात. शुद्धीवर यायला थोडा जास्त वेळ लागू शकतो, पण भूल सुरक्षित असते. अंगावर चरबी नाही, केस विरळ, म्हणून शस्त्रक्रियेत शरीर गार पडतं. उबदार ब्लँकेट आणि तापमानावर लक्ष हवं, एवढं आधी विचारून घ्या.

ज्याची खरी भीती बाळगायची ते त्या फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नाही: शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव. टाके कोरडे, कुत्रा घरी आलेला, सगळं छान. आणि एक ते तीन दिवसांनी जखमेभोवती जांभळा डाग पसरायला लागतो, रक्त झिरपतं. गुठळी बनते, पण शरीर ती लवकर विरघळवून टाकतं. नेहमीच्या रक्त गोठण्याच्या चाचण्यांत हे दिसत नाही. म्हणून नसबंदी असो की नख काढणं, पशुवैद्याला आधीच विचारा: गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक किंवा अमिनोकॅप्रोइक आम्ल द्यायचं का आणि किती दिवस? घरी आल्यावर चार दिवस रोज दोनदा जखमेचा फोटो काढा, म्हणजे डाग वाढतोय की नाही यावर घरात वाद नको.

आणि दात? ट्रॅकवर मऊ, ओलं खाणं मिळतं आणि ब्रश कुणी करत नाही. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याच्याही दातांवर कीटण, हिरड्या सुजलेल्या. भुलीच्या भीतीने तसंच ठेवलं तर शेवटी भूल द्यावीच लागते, तीही दहा दात उपटायला. एकदा भुलीखाली साफ करून घ्या आणि मग रोज ब्रश, कुत्र्यांसाठीच्या पेस्टने. आपली पेस्ट चालत नाही. काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी. पहिले तीन-चार दिवस फक्त बोटावर पेस्ट चाटू द्या, मग बोट हिरडीवरून फिरवा, मग मऊ ब्रश. वरच्या मागच्या दाढांची बाहेरची बाजू सगळ्यात आधी घाण होते. वेळ कमी असेल तर तेवढी तरी.

लंगडला, आराम द्या

सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. जुन्या दुखापती असतात, नाही असं नाही. वळणं डावीकडे असल्याने उजव्या मागच्या पायाच्या घोट्याची हाडं मोडलेले बरेच कुत्रे असतात. पण लंगडण्याची आणखी दोन कारणं या जातीत ठळक आहेत.

एक, कुरूप, म्हणजे गादीत रुतून टोचणारी कडक कातडी. पुढच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्यांवर जास्त. ओळख अशी: डांबरावर, खडीवर लंगडतो आणि हिरवळीवर जवळजवळ नीट चालतो. गादी ओली करून उजेडात बघा. गोल, कडक, फिकट ठिपका दिसतो, आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं तर पाय ओढून घेतो. माणसांची कुरूप जाळायची पट्टी लावू नका. पशुवैद्य बोथट अवजाराने ते कोरून काढतात. आराम लगेच पडतो, पण काही आठवड्यांत पुन्हा उगवू शकतं. बोटावरचा भार कमी करण्यासाठी कंडरा कापण्याची शस्त्रक्रियाही आता करतात. बोटच कापायला कुणी लगेच सुचवलं तर दुसरं मत घ्या. भार शेजारच्या बोटावर जातो आणि कुरूप तिथे येऊ शकतं.

दुसरं, हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा. मोठ्या जातींत तो असतोच, ग्रेहाउंडमध्ये विशेष, आणि बहुधा उतारवयात. जागा ठरलेल्या: पुढच्या पायात खांद्याजवळ किंवा मनगटाच्या वर, मागच्या पायात गुडघ्याच्या वर-खाली. फसवणूक अशी की वेदनाशामकाने लंगडणं कमी होतं, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि औषध थांबलं की परत. तोवर पोखरलेलं हाड जिन्यावरून उतरताना मोडू शकतं. म्हणून सहा-सात वर्षांच्या पुढचा ग्रेहाउंड हिरवळीवरही लंगडत असेल, गाद्यांत काही सापडत नसेल, किंवा वरच्या जागांपैकी कुठे कडक सूज लागत असेल, तर आठवडाभर आराम नाही. त्याच आठवड्यात दोन कोनांतून एक्स-रे. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात, आणि आयबुप्रोफेन पोटात असताना पशुवैद्याला त्याचं योग्य औषधही लगेच देता येत नाही.