कोवळं ऊन, जनुकं आणि मानेतली गाठ

महाराष्ट्रात ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा आता घरोघरी माहीत आहे: 30च्या खाली गेला की आठवड्याला साठ हजार युनिटची गोळी सुरू. त्यात जनुक-चाचणीची भर पडली, आणि ‘जनुकांमुळे ड कमी, म्हणजे लिम्फोमाचा (गाठींच्या रूपात दिसणाऱ्या, लसीकापेशींच्या कर्करोगाचा) धोका जास्त’ असा अर्थ काढला जाऊ लागला. ब्रिटनमध्ये बसून हे वाचताना आधी मोजण्याचं एकक खटकतं. तिकडचा अहवाल नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरमध्ये, इकडचा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला अडीचने गुणलं की दुसरा मिळतो. पुण्यात 24 आला की ‘अपुरा’. तोच इथे 60, आणि 50च्या वर म्हणून पुरेसा.

ऊन आणि लिम्फोमा हा विषय मात्र पोकळ नाही. 1990च्या दशकात शंका उलटी होती: अतिनील किरणं प्रतिकारशक्ती दाबतात, तेव्हा ऊन लिम्फोमा वाढवत असेल. 2005 साली डेन्मार्क-स्वीडनच्या अभ्यासाने आणि 2008 साली दहा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने ते चित्र पालटलं. फावल्या वेळात सर्वांत जास्त उन्हात असणाऱ्यांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लिम्फोमाचा सर्वांत मोठा गट) साधारण पाव हिश्शाने कमी दिसला. पण 2010 साली अनेक पाठपुरावा-अभ्यासांतली रक्तातली ड-पातळी एकत्र तपासली, तेव्हा तिचा या लिम्फोमाशी संबंध दिसला नाही. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ नावाच्या औषध-चाचणीत 25,871 जणांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षं रोज ‘ड’चे 2,000 युनिट दिले. कर्करोग होण्याचं प्रमाण घटलं नाही. उन्हाचा फायदा असलाच तर तो गोळीत भरता येतो, असं म्हणायला आधार नाही.

जनुकांचंही तेच. जीसी हे जनुक ड वाहून नेणारं प्रथिन बनवतं, सीवायपी-2-आर-1 यकृतातली पहिली पायरी पार पाडतं, डीएचसीआर-7 त्वचेतला कच्चा माल कोलेस्टेरॉलकडे वळवतं. त्यांतले नेहमीचे बदल पातळी थोडीच हलवतात. त्यावरून लिम्फोमाचं भाकीत विकणं मला सरळ चुकीचं वाटतं.

हाडांसाठी ड हवंच. पण आपल्याकडचं सकाळी सातचं कोवळं ऊन त्यासाठी फारसं कामाचं नाही. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्वचेत ड नीट बनतं. काचेआडून नाहीच. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तेवढं ऊनच मिळत नाही, म्हणून रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, घ्यायला सांगतात. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना वर्षभर. हा सल्ला सोलापूरला जसाच्या तसा लागू होत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. काही लिम्फोमांत, आणि क्षयातही, रोगग्रस्त ऊतीच सक्रिय ड बनवू लागतात आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं: सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, गुंगी. अशा माणसाला साठ हजारांची गोळी म्हणजे आगीत तेल. गाठ असेल तर आधी कॅल्शियम तपासा.

मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ तीन आठवडे टिकली, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम येतो, वजन उतरतंय, तर ड मोजत बसू नका. आपल्याकडे अशा गाठीवर अंदाजाने क्षयाची औषधं सुरू होतात आणि महिने जातात. सुईच्या तपासणीत लिम्फोमा निसटू शकतो. शक्य असेल तर पूर्ण गाठ काढून तपासायला सांगा. त्याआधी स्टेरॉइड नको, गाठ आक्रसते आणि निदान हुकतं. आणि काढलेली गाठ सगळी फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या, पण जंतू मारणाऱ्या द्रावात) टाकू देऊ नका: एक तुकडा सलाइनमध्ये ठेवला तरच क्षयाचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून करायची तपासणी, करता येतं.