इंदूर–उज्जैन सहल: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला मालकांचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या आईंना चालावं लागलं, त्यांचे पाय सुजले, याबद्दल हात जोडून माफी मागतो. माझीही आई त्याच वयाची आहे.

पण तुम्ही लिहिलं आहे की "श्रावण सुरूही झाला नव्हता, आम्ही मुद्दाम आधीचा सोमवार निवडला, आणि तिथे महाकालाच्या सवारीची (पालखीची) गर्दी असते हे ट्रॅव्हलवाल्यांनी लपवून बुकिंग घेतलं." बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, हे वाक्य मात्र जिव्हारी लागलं. माझी बहुतेक गिऱ्हाइकं पुण्या-नाशकाची मराठी कुटुंबं आहेत, एकमेकांना विचारून येतात. मी माहिती लपवतो असं एकदा पसरलं की आमच्या दोन गाड्या दारातच उभ्या राहतील.

म्हणून नीट सांगतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. त्यामुळे आपल्याकडे आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो, तेव्हा उज्जैनला श्रावण लागलेला असतो. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून महाकालाचा श्रावण, आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी. आमच्या रामबागेतल्या ऑफिसात कालनिर्णय टांगलेलं आहे आणि त्याच्याच शेजारी उज्जैनचं पंचांग. त्यात सवारीच्या सोमवारांना लाल पेनने गोल केलेले आहेत. बुकिंगच्या फोनवर मी तुम्हाला म्हणालो होतो, "ताई, सोमवार टाळा, मंगळवार घ्या, तिकडे श्रावण लागला आहे." तुम्ही म्हणालात, आमच्या कॅलेंडरात दीप अमावास्या अजून व्हायची आहे. मंगळवारी तुमची परतीची गाडी होती, म्हणून सोमवारच ठरला. त्याच संध्याकाळी मी व्हॉट्सअॅपवरही लिहून पाठवलं. मेसेज अजून आहे, पण तो इथे चारचौघांत लावणार नाही.

सवारी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना गर्दीचा अंदाज येत नाही. महाकाल उज्जैनचा राजा, आणि श्रावणातल्या सोमवारी राजा पालखीत बसून प्रजेला भेटायला निघतो. दुपारी चारच्या सुमारास दारात पोलीस सलामी देतात, पालखी रामघाटावर जाते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते आणि गोपाळ मंदिरावरून परत येते. ते गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं. महाकालाचं देऊळही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभं केलं. सवारी इकडचा श्रावण संपल्यावर भादव्याच्या वद्य पक्षातही निघते, म्हणजे आपल्या श्रावणाचे शेवटचे सोमवारही त्यात येतात. शिंदेशाहीमुळे दोन्ही श्रावण सांभाळले जातात, असं इथले जुने लोक सांगतात. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना याचा अभिमान आहे. मराठी पाहुण्यांना हे दाखवायला मिळतं म्हणून तर मी या धंद्यात आहे, आणि म्हणूनच लपवलं म्हटल्यावर जास्त लागतं.

गाडी उज्जैनच्या हरिफाटक पुलाच्या अलीकडे थांबवली ती पोलिसांनी, आमच्या चालकाने नाही. त्या दिवशी कोणाचीही गाडी पुढे सोडत नव्हते. चालकाने उतरतानाच सांगितलं होतं की तीनच्या आत गाडीपाशी या, नाहीतर रस्ते बंद होतील. अडीचला त्याने फोनही लावले, पण देवळात मोबाईल चालत नाही, तुमचे तिघांचेही लॉकरमध्ये होते. दर्शनानंतर तुम्ही देवळालगतच्या महाकाल लोक या नव्या परिसरात थांबलात. थांबायलाच हवं, पहिल्यांदा आलेला माणूस थांबणारच. पण चार वाजून गेल्यावर पालखी निघाली आणि मग कालभैरवाचं देऊळ, सांदीपनी आश्रम काहीच जमलं नाही. त्या पोराने दुपारचं जेवणही गाडीत बसूनच केलं, कारण तुम्ही कधी याल याचा नेम नव्हता. त्याला "उर्मट" म्हटलेलं मला पटलेलं नाही. जादा तासांचे पैसे ठरल्याप्रमाणे घेतले आणि ते त्यालाच दिले.

पिंडीजवळ जाऊ दिलं नाही ही तक्रारही आमच्या खात्यात घातली आहे. २०२३ च्या जुलैपासून सर्वसामान्य भाविकांना गाभाऱ्यात सोडत नाहीत, दर्शन बाहेरूनच. तो निर्णय देवस्थानाचा.

इथे वाचणाऱ्या आणि पहिल्यांदा येणाऱ्या मंडळींना सांगतो: गुरुपौर्णिमेनंतर यायचं तर सोमवार सोडा. नागपंचमीही सोडा, कारण महाकालाच्या वरच्या मजल्यावरचं नागचंद्रेश्वर वर्षातून त्या एकाच दिवशी उघडतं आणि मुंगीला शिरायला जागा नसते. सवारीच पाहायची असेल तर आदल्या रात्री उज्जैनलाच मुक्काम करा, म्हातारी माणसं बरोबर असतील तर रस्त्यावर उभं न राहता कोणाच्या तरी ओट्यावर जागा धरा. भस्म आरती एरवी पहाटे चारला असते, श्रावणात त्याहूनही आधी. तिचं बुकिंग स्वतःच्या आधार कार्डावर स्वतः करा, दारात भेटणाऱ्या कोणालाही त्यासाठी पैसे देऊ नका. इंदूरहून उज्जैन पंचावन्न किलोमीटरच आहे, म्हणून लोकांना वाटतं दुपारी जाऊन संध्याकाळी येऊ. जमतं, पण श्रावणातल्या सोमवारी नाही. ओंकारेश्वरलाही त्या दिवसांत कावडवाले रस्त्याने चालत असतात, तेव्हा दोन्ही ज्योतिर्लिंगं एका दिवसात उरकायचा हट्ट नको.

यापुढे तारखांचं आम्ही बुकिंगच्या वेळीच अधिक स्पष्ट सांगू, आणि ज्येष्ठांसाठीही काहीतरी सोय बघतो आहोत.

तारे वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. फक्त तो व्हॉट्सअॅपचा मेसेज एकदा उघडून बघा, आणि पटलं तर लपवल्याचं ते एक वाक्य काढून टाका. आईंना नमस्कार सांगा. त्यांचं कालभैरव राहिलं आहे. परत येणार असाल तर मंगळवार ते शुक्रवारमधला कुठलाही दिवस कळवा, गाडी मी स्वतः चालवीन.