चार दशांश सेकंदांचे पंचवीस लाख

वेगवान गाडी घ्यायचं मनात पक्कं झालं असेल, तर एक पथ्य पाळा. जुन्या किमती काढून बघू नका. बघितल्या की हिशेब करावासा वाटतो, आणि हिशेब केला की हौसेला उतरती कळा लागते. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचंच घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये ती २४.६२ लाखांना आली: २३० पीएस, म्हणजे अश्वशक्ती, आणि शून्य ते शंभरचा वेग ६.८ सेकंदांत. २०२० मध्ये २४५ पीएस, ६.६ सेकंद, ३५.९९ लाख. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएस, ६.४ सेकंद, ४९.९९ लाख, आणि गाड्या शंभरच. सगळ्या किमती शोरूमच्या. म्हणजे आठ वर्षांत ३५ पीएस वाढले, चार दशांश सेकंद वाचले आणि त्याचे झाले २५.३७ लाख. एका पीएसला साडेबहात्तर हजार. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं पूर्वी म्हणत. इथं पस्तीस घोडी धाडलीत आणि बिल आपल्याच नावावर फाडलंय.

घरात कुणीतरी विचारणारच, एवढी महाग कशी? तेव्हा ‘महागाई’ एवढंच म्हणा आणि विषय बदला. खोलात शिरलात तर पंचाईत आहे. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट चार टक्क्यांचं. आपण उदार होऊन वर्षाला पाच धरू. २४.६२ लाखांचे आठ वर्षांत ३६.३७ लाख होतात. वरचे साडेतेरा लाख कोणत्या खात्यात टाकायचे, हा प्रश्न उरतोच. घरात कॉमर्सला जाणारी भाची वगैरे असेल, तर तिच्यासमोर हा विषय काढूच नका.

पण घाबरायचं कारण नाही. त्या साडेतेरा लाखांनाही खरी कारणं आहेत, आणि ती पाठ केलीत तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या चहाला तुमचं वजन वाढेल. २०१७ ची गाडी सुटे भाग आणून देशातच जोडलेली होती. पुढच्या दोन्ही तयार होऊन बोटीनं आल्या. २०१८ पासून कंपन्यांना सवलत मिळाली की वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथल्या सगळ्या चाचण्या पुन्हा न करता आणता येतात. शंभर गाड्यांसाठी इथं जोडणी मांडून बसायची मग कुणाला गरज? फक्त सीमाशुल्क चुकत नाही. चाळीस हजार डॉलरच्या आतल्या तयार गाडीवरही ते सत्तर टक्क्यांच्या घरात जातं. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. त्याआधी जीएसटी आणि सेस मिळून ४८ होता, तेव्हा ही ‘स्वस्ताई’च समजा. ४९.९९ लाखांतले १४.२८ लाख नुसते जीएसटीचे आहेत. शिवाय २०१७ साली पंचाहत्तरच्या आसपास असलेला युरो आता शंभरच्या पुढे गेलाय.

ही कारणं सांगून झाली की लगेच चहा संपवून उठा. कारण समोरचा जरा जागा असेल तर पुढचा प्रश्न टाकतो: सीमाशुल्क भरल्यानं टर्बो मोठा झाला का? युरो वधारला म्हणून ब्रेक जास्त चावतात का? नाही. किंमत वाढायला कारण आहे, हे खरं. पण त्या कारणातला मोठा वाटा गाडीत नाहीच, पावतीत आहे. विकणाऱ्याच्या बाजूनं बघाल तर किंमत शंभर टक्के वाजवी आहे. चालवणाऱ्याच्या बाजूनं बघायचं टाळा.

आता आरटीओ. साताऱ्याची एमएच-११ पाटी लावायची तर बाहेरून तयार आलेल्या गाडीला राज्याचा कर २० टक्के. दहा लाख झाले. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस हा आगाऊ आयकर, म्हणजे आणखी पन्नास हजार. हे मात्र आयकर विवरणपत्रात वळते होतात, विसरू नका. विम्याचा एक रुपया न धरता आकडा साठ लाखांवर गेला. ‘फर्मचं नाव टाकू, खर्चात दाखवू’ असा सल्ला देणारा भेटेलच. कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही हाच वीस टक्के कर आहे, म्हणजे तिथंही सुटका नाही, हे तो सांगायचं विसरेल.

कर्ज काढणार असाल तर सात वर्षांचंच काढा, हप्ता लहान दिसतो. ४५ लाख, ९ टक्के, ८४ हप्ते: महिन्याला ७२,४०० रुपये आणि एकूण व्याज १५.८ लाख. एवढ्या व्याजात एक चांगली नवी हॅचबॅक रोख येते आणि वर पेट्रोलला पैसे उरतात. पण तिच्या मागं ‘आरएस’ ही दोन अक्षरं नसतात.

‘ही गुंतवणूक आहे, शंभरच गाड्या आल्यात’ हे वाक्य फार कामाचं आहे. म्हणताना आवाज थोडा खाली घ्या. पुसेगावच्या यात्रेत बैल घेणारा माणूससुद्धा आधी दात बघतो, मग खोंड दुर्मिळ आहे की नाही ते ठरवतो. तुम्ही तसलं काही करू नका. फोक्सवॅगननं २०१६ च्या नोव्हेंबरात पोलो जीटीआय आणली होती. १९२ पीएस, तीन दारं, किंमत २५.९९ लाख आणि संख्या फक्त ९९. यापेक्षा दुर्मिळ काय असतं? तरीही ती खपेना, तेव्हा किंमत १९.९९ लाखांवर आणावी लागली. आणि विमा कंपनीला तर तुमच्या दुर्मिळतेशी काही देणंघेणं नाही. तिचा तक्ता ठरलेला: सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि पाचवं वर्ष सरताना ५०. म्हणजे पन्नास लाखांची गाडी पाच वर्षांनी कागदावर पंचवीसची होते. २०१७ ची किंमत परत आली की नाही? फक्त वाट बघायची तयारी हवी.

मूळ दुखणं वेगळंच आहे, ते कुणाला सांगू नका. थोडक्या पैशात मजा देणाऱ्या गाड्या या देशात येऊन गेल्या. २०१५ मध्ये १४५ पीएसची अबार्थ पुंटो ९.९५ लाखांना होती. २०१८ मध्ये ११४ पीएसची टियागो जेटीपी ६.३९ लाखांना. तेव्हा आपण सगळे ‘रिसेल नाही, मायलेज नाही’ म्हणत शोरूमच्या दारावरून पुढे गेलो, आणि बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम येईपर्यंत त्या गेल्या. परवडणारी खपत नाही म्हटल्यावर कंपनी न परवडणारी शंभर आणते आणि ती बुकिंगमध्येच संपते. यात कंपनीचं काय चुकलं?

गाडी दारात आली की सातारचे रस्ते. टायर २२५/४० आर १९. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ९० मिलिमीटर रबर, बस्स. खड्ड्याची धार जोरात लागली की टायरची बाजू रिम आणि धार यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. टायर बदलायचाच, आणि शक्यतो एका एक्सलवरचे दोन्ही. हवा दर पंधरवड्याला थंड टायरवर बघा. कमी हवेत चिमटण्याची शक्यता जास्त, ‘आराम मिळतो’ म्हणून कमी ठेवणाऱ्यांचेच फुगे आधी येतात. विम्यात टायर-रिमचं वेगळं कलम घेतलं नसेल, तर नुसता टायर गेल्यावर छदाम मिळत नाही. अपघातात गाडीबरोबर गेला तरी निम्मीच भरपाई.

गतिरोधकाचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. त्यावरून ही गाडी आरामात जाते. गावोगावी मात्र उंची उरलेल्या डांबराच्या मापानं ठरते आणि रुंदी हातभर असते. तिथं तिरकं चढवा, एका वेळी एकच चाक. पोट घासायची शंका आली तर मागच्या सीटवरच्यांना खाली उतरवा, गाडी तेवढी वर उठते. सासुरवाडीचे पाहुणे असतील तर मानपान बघून ठरवा.

मग चालवायची कुठं? चौपदरी महामार्गावर कारला कमाल मर्यादा शंभर. म्हणजे तुमची सगळी मजा ६.४ सेकंदांत आटोपते, पुढचं चलन. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट लागतो. तिथं पुढं ट्रेलर, बाजूला ट्रेलर. हंगामात ऊसवाहतुकीची जोडट्रॉली पुढं आली की २६५ पीएस आणि बुलेट यांचा वेग एक होतो, आणि मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसतो, तेव्हा अंतर ठेवा. यवतेश्वरच्या घाटात मात्र, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सहाला, ही गाडी काय आहे ते खरंच कळतं. पुढच्या दोन चाकांत जोर वाटणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल वळणाच्या आतलं चाक घसरू देत नाही, नाक ओढून आत आणतं. हे खोटं नाही. किमतीत काही खरं दडलंय ते इथं आहे, सेकंदांत नाही. रविवारी किंवा कासच्या फुलांच्या हंगामात गेलात तर मात्र ते डिफरन्शियल पहिल्या गिअरमध्येच विश्रांती घेईल.

शेवटची खबरदारी सिग्नलची. चाकणला बनणारी महिंद्रा बीई ६ मोठ्या बॅटरीसह २६.९० लाखांना आली. जीएसटी ५ टक्के, राज्याचा कर माफ, शून्य ते शंभर ६.७ सेकंद. तुमच्यात आणि तिच्यात तीन दशांश सेकंद आणि तेवीस लाख. दोन टनांच्या घरातलं ते धूड घाटाच्या वळणात तुमच्याइतकं चपळ नाही, हे शंभर टक्के खरं. पण सिग्नलला वळण नसतं. ती शेजारी येऊन उभी राहिली तर फोन आल्यासारखं करा आणि हिरवा लागल्यावर तिला सावकाश पुढं जाऊ द्या.