घंटा, शेण आणि लोहगडचा रविवार

परवा आमच्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपवर पुन्हा तो लोहगडचा जुना व्हिडिओ फिरला. पावसाळ्यातला रविवार, दरवाज्यापाशी पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटलेलं, ना वर जाता येतंय ना खाली, आणि कुणीतरी मधूनच "जय भवानी" ओरडतंय. त्याखाली नेहमीची भांडणं सुरू. एकजण म्हणाला तिकीट लावा पाचशे रुपये, आपोआप गर्दी कमी होईल. दुसरा म्हणाला बंदीच घाला. तिसरा म्हणाला महाराजांच्या गडावर जायला तिकीट कसलं. आणि मग सगळे माझ्याकडं वळले, कारण मी स्वित्झर्लंडला असतो, म्हणजे डोंगर या विषयावर मी आपोआप एक्स्पर्ट. "सांग रे तिकडं कसं असतं, लोकांना शिस्त असते ना, कचरा नाही काही नाही."

मी तेव्हा काही लिहिलं नाही. पण नेमकं त्याच आठवड्यात शनिवारी मी उर्नेशला जाऊन आलो होतो, बुटाला अजून शेण होतं, आणि डोक्यात बरंच काही होतं, ते इथं लिहितो.

उर्नेश हे आप्पेनझेलकडचं छोटं गाव. मी राहतो विंटरथुरला, तिथून गोसाऊपर्यंत मोठी ट्रेन आणि पुढं ती लाल, खेळण्यातली वाटावी अशी छोटी गाडी. गावाच्या मागं झेंटिस, 2502 मीटर, आपल्या कळसूबाईवर अर्धी कळसूबाई ठेवली तर होईल तेवढा. जूनमध्ये इथले शेतकरी गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जातात आणि सप्टेंबरमध्ये थंडी पडायला लागली की खाली उतरतात. त्या उतरण्याचा जो सोहळा, त्याला म्हणतात आल्पआबफार्ट. (शब्दावर हसून झालं असेल तर पुढं वाचा, मी पहिल्या वर्षी पूर्ण दिवस हसत होतो.)

आधी काही दिसत नाही, फक्त आवाज येतो. मोठमोठ्या घंटांचा, पण नुसता गोंगाट नाही, तीन वेगवेगळे सूर, एका लयीत, कारण पुढच्या तीन गायींच्या गळ्यातल्या घंटा सुरात जुळवलेल्या असतात. मग वळणावरनं पांढऱ्या शेळ्या येतात आणि त्यांच्यासोबत एक सहा-सात वर्षांचा पोरगा, पिवळी विजार, लाल जाकीट, हातात छडी. शेळी एका दुकानाच्या कुंडीतली फुलं खायला लागली तर त्यानं तिला असलं हाणलं की कुंडीवाली बाई आणि शेळी दोघी दचकल्या. त्याच्यामागं मुख्य गवळी, ज्याला इथं झेन म्हणतात, त्याच्या उजव्या कानात सोन्याचं डूल आणि त्याला लटकलेला साय काढायचा इवलासा पळा, खांद्यावर लाकडी बादली, तिच्या बुडाला रंगवलेलं चित्र. मग त्या तीन मानाच्या गायी, मग बाकीचा सगळा कळप, मग चीज करायचं सामान लादलेली घोडागाडी आणि सगळ्यात शेवटी मालक आणि त्याचा तो तिरंगी कुत्रा, जो गायींच्या टाचा चावत त्यांना ओळीत ठेवतो. मधूनच चार-पाच माणसं गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, बिनशब्दांचं गाणं म्हणतात, त्याला झॉयर्ली म्हणतात, आणि ते ऐकताना का कुणास ठाऊक मला काकड आरती आठवते, तोच पहाटेचा घशातला भरडा आवाज.

आणि रस्ताभर शेण. ताजं, पातळ, सगळीकडं. लोक त्यातनं मजेत चालतात. मिरवणूक गेली की नगरपालिकेची दोन माणसं फावडी आणि पाण्याची गाडी घेऊन येतात, अर्ध्या तासात रस्ता धुवून मोकळा.

आता हे बघून "शिस्त" म्हणणं सोपं आहे. मी पण पहिली दोन वर्षं तेच म्हणायचो, घरी फोनवर सुद्धा. मग हळूहळू लक्षात आलं की इथला डोंगर स्वच्छ दिसतो तो शिस्तीमुळं कमी आणि तिथं कुणीतरी राहतं, कामाला असतं म्हणून जास्त. ज्या हिरव्यागार उतारावर आपण फोटो काढतो ते रान नाहीये, ते कुणाचं तरी चालू वर्कशॉप आहे. देशाच्या शेतजमिनीपैकी जवळपास एक तृतीयांश ही उन्हाळी कुरणंच आहेत. आणि ती राखायचे सरकार रोख पैसे देतं. एक मोठं जनावर शंभर दिवस वर चारलं की एक युनिट, अशा हिशोबानं. प्रत्येक कुरणाला किती जनावरं हे ठरलेलं असतं, त्यापेक्षा फार जास्त चारली तर पैसे कापतात, आणि गंमत म्हणजे फार कमी चारली तरी कापतात, कारण गुरं नाही गेली तर काही वर्षांत झुडपं माजतात आणि ते सुंदर कुरण गायब. म्हणजे ती सीनरी, जिच्यावर आपल्या हिंदी सिनेमानं तीन-चार दशकं साड्या उडवल्या, ती गायींनी चरून चरून बनवलेली आहे.

2023 च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं स्वित्झर्लंडच्या या उन्हाळी चराईच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. यादीत काय आहे बघा, डोंगर नाही, झोपडी नाही, तर तिथं जाऊन राबणाऱ्या माणसांचं काम. 2025 च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले पण युनेस्कोच्या यादीत गेले, लोहगड त्यात आहे, आणि मला खरंच अभिमान वाटला, इथल्या ऑफिसात मी पेढे वाटले. याद्या वेगळ्या आहेत हे मला कळतं, ती परंपरांची, ही स्थळांची. पण आपल्याकडं सेलिब्रेशनचे जेवढे मेसेज आले त्यातल्या एकातही गडाखालच्या गावाचा शब्द नव्हता.

माझं आजोळ पवन मावळात, लोहगडाच्या बाजूलाच म्हणा. मामांना मी विचारलं, आता गड युनेस्कोत गेला, काय फरक पडला. मामा म्हणाले, "अरे रविवारी म्हस सुद्धा भाईर काढता येत न्हाई. गाड्याच गाड्या. येक पुण्याची बाई म्हनली, जरा म्हशी बाजूला घ्या ना, फोटोत येतायत."

फोटोत येतायत! मी उर्नेशला दीड तास ट्रेननं गेलो ते गायी फोटोत याव्यात म्हणून, आणि मामांची म्हैस फोटो बिघडवते.

आपल्या सह्याद्रीत पण असं डोंगरावर राहून दूधदुभतं करणारी माणसं होती की, अजून आहेत. गवळी धनगरांचे वाडे घाटमाथ्यावर आहेतच. हिरकणीची गोष्ट आपण पोरांना सांगतो, आईची माया म्हणून सांगतो, पण ती मुळात रायगडावर दूध विकायला जाणारी बाई होती हे आपण एका वाक्यात उरकतो. आज तिच्या जागी जी बाई गडाच्या वाटेवर ताक आणि लिंबू सरबत घेऊन बसते तिच्याशी आपण दहा रुपयांवरनं घासाघीस करतो आणि वर तिलाच सांगतो मावशी इथं प्लास्टिक नका ठेवू. वन खात्याचा माणूस तिला उठवतो. गुरं चारायला बंदी, लाकूड आणायला बंदी, आणि मग आपण म्हणतो डोंगर कुणी सांभाळत नाही.

कासचं उदाहरण घ्या. तिथं कुंपण घातलं, गुरं आत जायची बंद झाली, आणि पुढं गावकरी आणि अभ्यासक दोन्ही म्हणायला लागले की यानं फुलांचं नुकसानच होतंय, शेवटी कुंपण काढायला लागलं. पण कासलाच एक चांगली गोष्ट पण आहे, आजूबाजूच्या गावांची समिती आहे, तीच फी घेते, दिवसाला ठराविकच लोक सोडते, गावातलीच पोरं तिथं उभी असतात. आमच्या ग्रुपवर तिकीट म्हटलं की दोन पार्ट्या पडतात, पण पैसे कुणाच्या खिशात जाणार हे एकानंही विचारलं नाही. मला विचाराल तर तिकीट असावं की नसावं याच्याआधी हा प्रश्न आहे.

बंदीबद्दल पण तेच. 30 जून 2024 ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले, तो व्हिडिओ मी इथं बसून बघितला आणि दोन दिवस धड जेवलो नाही. त्यानंतर जमावबंदी आली, ती येणारच, प्रशासन तरी काय करणार. पण दरवर्षी पाऊस आला की बंदीचा हुकूम आणि पाऊस गेला की विसर, याला व्यवस्था म्हणत नाहीत. इथं पिवळ्या पाट्या लावलेल्या 65 हजार किलोमीटर पायवाटा आहेत, 1979 साली लोकांनी मतदान करून पायवाटांची जबाबदारी थेट राज्यघटनेत घातली. कोणती वाट साधी, कोणती डोंगराची, ते पाटीच्या टोकावरच्या रंगावरनं कळतं. तरीही माणसं पडतात, दरवर्षी मरतात. पण वाटेवर कुणी ना कुणी जबाबदार असतं.

आता इथलं सगळं गोडगोड आहे असं समजू नका, नाहीतर माझ्यात आणि ग्रुपवरच्या "तिकडं बघा" वाल्यांत फरक काय. पहिलं म्हणजे हा देश श्रीमंत आहे, गायीमागं पैसे द्यायला परवडतं. दुसरं, वर कुरणांवर राबणारी कितीतरी माणसं बाहेरच्या देशातून तीन-चार महिन्यांसाठी आलेली असतात. आणि गर्दीनं इथं पण वाट लावलीये. उर्नेशपासून जवळच, त्याच डोंगररांगेत, कड्याला चिकटून एक जुनं लाकडी हॉटेल आहे, एशर नावाचं. त्याचा फोटो जगभर फिरला आणि इतके लोक यायला लागले की पाणी पुरेना, संडास पुरेना, शेवटी 2018 साली ते चालवणाऱ्या कुटुंबानं हात टेकले आणि सोडून दिलं. आता दुसरे चालवतात. तिकडं इझेल्टवाल्डला एका तळ्यावरच्या छोट्याशा धक्क्यावर सेल्फीवाल्यांसाठी फिरता दरवाजा बसवला, पाच फ्रँक टाका आणि जा. म्हणजे पाचशे रुपयेवाला आमचा मित्र इथं आमदार झाला असता.

आणि "स्थानिक लोक ठरवतील" याची पण दुसरी बाजू आहे, ती माझ्यासारख्याला जास्त टोचते. आरवांगेन नावाच्या गावात नवीन राहायला आलेल्या दोन कुटुंबांनी तक्रार केली की रात्री शेजारच्या कुरणातल्या घंटांनी झोप येत नाही. गाव असलं पेटलं की हजारावर सह्या झाल्या आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये गावसभेनं प्रचंड बहुमतानं सांगितलं, घंटा वाजणार. वाचून मला आपली डीजेची भांडणं आठवली, तोच सूर, आमच्या परंपरेवर बोलायचं नाही. त्याच्या आधी आरगाउमधल्या एका गावानं घंटांविरुद्ध बोलणाऱ्या एका बाईला नागरिकत्वच नाकारलं होतं, बाई लहानपणापासून इथं राहिलेली, शेवटी 2017 मध्ये कँटननं, म्हणजे तिथल्या राज्य सरकारनं, दिलं. माझाही अर्ज एकदोन वर्षांत जाईल, म्हणून मी घंटांबद्दल फक्त चांगलंच बोलतो, आणि वरती लिहिलंय ते मनापासून आहे हे कृपया कुणीतरी जर्मनमध्ये भाषांतर करून ठेवा.

आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मात्र ढोल पाच मिनिटं वाजला की हॉलचा केअरटेकर दारात. दहा किलोची घंटा चालते, ढोल नाही. तक्रार नाही करत, फक्त सांगतोय. आवाज कुणाचा आहे यावर तो संगीत की गोंगाट हे ठरतं, उर्नेशलाही आणि लक्ष्मी रोडलाही.

त्या दिवशी दुपारी मी तिथल्या हॉटेलात ती मॅकरोनी खाल्ली, चीज-बटाटा घातलेली आणि सोबत सफरचंदाचा गोड गर (हो, खरंच, आणि चांगली लागते). समोर एक म्हातारी बसली होती, तिचा पुतण्या त्या पिवळ्या विजारवाल्यांत होता. मला विचारलं, तुमच्याकडं असतं का असं काही. मी सांगितलं, साधारण याच महिन्यात, भाद्रपदातल्या अमावस्येला, माझ्या आजोळी पोळा असतो, बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, शेंब्या, बाशिंगं, पाठीवर झूल, पुरणपोळी खाऊ घालतात, त्या दिवशी काम नाही. तिनं विचारलं, बघायला किती लोक येतात. मी जरा थांबलो. म्हटलं, गावातलेच. शनिवार-रविवारी गडावर हजारो येतात, पण पोळ्याला कुणी नाही. तिला ते काही नीट कळलं नाही, माझं जर्मन पण तेवढं नाही.

संध्याकाळी ट्रेनमधनं मी मामांना मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. इथल्या बहुतेक गायींची शिंगं लहानपणीच जाळून टाकतात, गोठ्यात एकमेकींना लागू नयेत म्हणून. शिंगं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जादा पैसे द्यावेत का यावर 2018 मध्ये अख्ख्या देशानं मतदान केलं होतं, जवळपास 55 टक्के लोक नाही म्हणाले. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीचं 2014 पासून 2023 पर्यंत सुप्रीम कोर्टात चाललं, इथं शिंगांचं मतपेटीत. हे सगळं मी मामांना सांगणार होतो, पण त्यांचा व्हॉइस मेसेज आधीच आला. मागं मामीचा भांड्यांचा आवाज.

"गाई बेस्ट हायत रे. घंटा तर लईच भारी. पन मधल्या त्या चार-पाच गाईंची शिंगं कुटं गेली? आनि मग पोळ्याला ही लोकं रंगवत्यात काय?"