मिकेश कृतघ्न होता? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हंगेरीतून इंग्लंडला येऊन तिथलाच झालेला विनोदी लेखक जॉर्ज मिकेश, त्याच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल आपण मनापासून चिडून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. आपले आक्षेप दोन. ज्या इंग्लंडने आसरा दिला त्याचीच या माणसाने टर उडवली, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजले. आणि एकदा खपलेला माल तो पुढे जन्मभर विकत राहिला. पहिला आक्षेप मला साफ अमान्य आहे. दुसरा निम्मा पटतो.

मिकेश 1938 मध्ये लंडनला आला तो बुडापेस्टच्या वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून, म्युनिकच्या पेचप्रसंगाच्या, म्हणजे हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा लचका मागितला त्या वेळच्या, बातम्या पाठवायला. मुक्काम दोनेक आठवड्यांचाच ठरला होता. पण तो ज्यू होता, आणि ज्यूंच्या नोकरीधंद्यावर मर्यादा घालणारा पहिला कायदा हंगेरीत त्याच वर्षी झाला. तो लंडनलाच राहिला. युद्धकाळात बीबीसीच्या हंगेरियन विभागासाठी काम केलं. इंग्रजांच्या रीतीभातींची टर उडवणारं त्याचं ‘हाउ टु बी अ‍ॅन एलियन’ (परका कसं व्हावं) 1946 मध्ये आलं. त्याचा प्रकाशक आंद्रे डॉइच हाही बुडापेस्टचाच.

आता त्या पुस्तकात हसं कोणाचं होतं ते बघा. हवेवरचं प्रकरण घ्या. गारपीट चालू असो, वादळाने झाडं उन्मळून पडोत. समोरचा ‘काय छान दिवस आहे, नाही?’ म्हणाला की आपण बिनदिक्कत ‘हो ना, फारच सुंदर!’ म्हणायचं. मिकेश हवेवरचे नमुना-संवाद देतो आणि ते तोंडपाठ करायला सांगतो. आता तो संवाद घोकत बसलेला परका माणूस डोळ्यांसमोर आणा. इंग्रजांच्या रीतीला चिमटा आहेच, पण घाम फुटलाय तो या बिचाऱ्याला, आणि तो बिचारा म्हणजे स्वतः मिकेश. भाषेबद्दलही तो असंच लिहितो: पहिल्या आठवड्यात वाटलं, इंग्रजी बऱ्यापैकी जमलं, पुढच्या सात वर्षांत हळूहळू खात्री पटली की ती कधीच नीट येणार नाही. परक्या मुलखात संसार मांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

एकच जागा अशी आहे जिथे तो खरोखर वर्मावर बोट ठेवतो. सुरुवातीलाच एक इंग्रज तरुणी त्याला लग्नाचं विचारते. तो म्हणतो, परदेशी मुलगी माझ्या आईला चालायची नाही. ती चकित होते: परदेशी तू, आणि तुझी आईसुद्धा! तो विचारतो, बुडापेस्टमध्येही? ती ठणकावते: हो, सगळीकडे, सत्य काही भूगोलावर अवलंबून नसतं. ज्याला निर्वासित म्हणून पावलोपावली परकेपण ऐकावं लागतं, त्याने एवढंही म्हणू नये? मिकेशने पुढे लिहिलंय की इंग्रज चिडतील अशीच त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. ज्यांची टिंगल झाली ते रागावले नाहीत, मग त्यांच्या वतीने आपण का रागवावं?

दुसरा मुद्दा. त्याच धर्तीची पुस्तकं त्याने पुष्कळ लिहिली, अमेरिकेवर लिहिलं, इस्रायलवर लिहिलं, आणि त्यांतली सगळीच पहिल्याच्या तोडीची नाहीत, हे खरं. पण ‘जन्मभर एवढंच केलं’ हे अन्यायाचं आहे. 1956 मध्ये हंगेरीत सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला तेव्हा बीबीसीने त्याला तिथे पाठवलं. 1957 मध्ये त्या उठावावर आणि 1959 मध्ये हंगेरीच्या गुप्त पोलिसांवर त्याची पुस्तकं आली. सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडलेल्या आपल्याच बुडापेस्टबद्दल लिहिताना त्याने विनोद बाजूला ठेवला. 1975 पासून 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो फ्री युरोप रेडिओच्या, म्हणजे साम्यवादी पूर्व युरोपातल्या श्रोत्यांसाठी पाश्चात्त्यांनी चालवलेल्या नभोवाणीच्या, हंगेरियन विभागासाठी काम करत होता, म्हणजे मायदेशाशी त्याच्याच भाषेत बोलत होता. नाती दोन्हीकडची राखली त्याने.

उठावावरचं पुस्तक कुठे मिळालं तर जरूर वाचा. त्यानंतरही आपलं मत तेच राहिलं तर अवश्य लिहा, हा वाद पुढे चालवायला मला आवडेल.