फंक्शन प्रत्येक ओळीत नको, एकदाच पुरते

बिलातील प्रत्येक ओळीचा दर तक्त्यातून शोधताना गूगल शीट्समधील मंद व्हीलूकअपच्या (तक्त्यातून जुळणारी नोंद शोधणाऱ्या सूत्राच्या) जागी अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये (शीट्ससाठी कोड लिहिण्याच्या गूगलच्या सोयीत) स्वतः लिहिलेले फंक्शन वापरावे, ही एका लेखातील सूचना योग्य आहे. मात्र ते फंक्शन प्रत्येक ओळीत उतरवण्याची जी पद्धत लेखात दाखवली आहे, तिने फाइल अधिकच रेंगाळेल. अशा फंक्शनचा प्रत्येक कॉल (म्हणजे प्रत्येक वापर) गूगलच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे ५,००० ओळींसाठी ५,००० फेऱ्या. त्याऐवजी संपूर्ण स्तंभ एकदाच फंक्शनला द्यावा, दरांच्या तक्त्यातून सुरुवातीलाच एक मॅप (वस्तूवरून तिचा दर थेट सांगणारी यादी) तयार करून घ्यावा आणि सगळी उत्तरे द्विमितीय अ‍ॅरेच्या (ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या यादीच्या) रूपात परत करावीत. खालचे सेल रिकामे असतील तर ती आपोआप तेथे पसरतात. एका कॉलला ३० सेकंदांचीच मुदत असल्याने मॅपचा उपयोग विशेष जाणवतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दरांचा तक्ता फंक्शनच्या आत वाचू नये, तो आर्ग्युमेंट (फंक्शनला कंसात दिली जाणारी माहिती) म्हणूनच द्यावा. कारण आर्ग्युमेंट बदलल्याशिवाय शीट पुन्हा गणना करत नाही, आणि दर बदलूनही बिलात जुनीच रक्कम दिसत राहते.